रुमाल टाकून धरलेली जागा

पावसाळा ओसरला की डिग्रज, सांगली, म्हैसाळ असे एकेक बंधारे बरगे (दारं बंद करायच्या फळ्या) घालून अडवले जातात आणि कृष्णा वाहायची थांबून साचायला लागते. मार्चपर्यंत काठाच्या आडोशाला केंदाळाचे, म्हणजे जलपर्णीचे, पट्टे धरतात. मग फोटो येतात, निवेदनं जातात, पोकलेन लागतो. त्याच सुमारास मासळीच्या पाटीत चिलापीचा ढीग मोठा आणि वांब-मरळ शोधावी लागते, अशी तक्रार दरवर्षी होते. केंदाळ ही स्वच्छतेची बाब, मासा ही मत्स्यव्यवसायाची आणि नाल्यातून येणारं काळं पाणी ही प्रदूषणाची. टेबलं तीन, फायलीही तीन. आमचं म्हणणं एवढंच की ही फाईल एकच आहे. तिचे तीन तुकडे केल्यामुळेच ती मिटत नाही.

हे म्हणायला आधार समुद्रातला आहे. सांगलीपासून समुद्र घाट उतरून गेल्यावर लागतो हे खरं, पण परके जीव एकमेकांना कसे स्थिरावू देतात याचा बारकाईने अभ्यास बंदरांत आणि खाड्यांत बराच झाला आहे.

जुनी समजूत सोपी होती. १९५८ मध्ये चार्ल्स एल्टन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने मांडलं, की जिथे जिवांची दाटी आहे तिथे नव्याला शिरायला कठीण जातं. भरलेल्या एसटीत चढण्यासारखंच ते. पण आपल्याला एसटीचं दुसरं तंत्रही माहीत आहे. आधी चढलेला खिडकीतून रुमाल टाकून मागच्यासाठी जागा धरतो. १९९९ मध्ये डॅनियल सिंबरलॉफ आणि बेट्सी व्हॉन होल यांनी नेमकं हेच दाखवलं. परक्या जाती एकमेकींशी फक्त भांडत नाहीत. कित्येकदा एक जात दुसरीला जागा, खाद्य किंवा आसरा मिळवून देते आणि मग दोघींचा वेग वाढतो. अणुभट्टी तापत तापत वितळते त्यावरून त्यांनी याला ‘इन्व्हेजनल मेल्टडाउन’ असं नाव दिलं. नाव जरा भडक आहे, पण मुद्दा पक्का आहे.

कॅलिफोर्नियातलं बोडेगा बंदर घ्या. तिथल्या चिखलात गेमा नावाचं मसुराच्या दाण्याएवढं शिंपलं आहे. ते मूळचं अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याचं. कालवांच्या शेतीसाठी तिकडून कालवं आणली, त्यांच्या सोबत ते आलं. आल्यावर कित्येक दशकं ते गप्प राहिलं. चिखल चाळला तर थोडी सापडायची, बाकी देशी शिंपल्यांचंच राज्य होतं. कुणी यादी केली असती तर गेमासमोर ‘अपाय नाही’ असा शेरा पडला असता. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे युरोपातला हिरवा खेकडा पोचला. खेकडा चिखल उकरून शिंपली फोडतो. देशी शिंपली गेमापेक्षा थोडी मोठी असल्याने त्याने आधी तीच संपवत आणली. देशी शिंपलं विरळ झालं, जागा मोकळी झाली आणि इतकी वर्षं दबून राहिलेलं गेमा पसरत सुटलं. एडविन ग्रोशोल्झ यांनी २००५ मध्ये हा सगळा हिशेब मांडला. खेकड्याने गेमासाठी मुद्दाम काहीच केलं नाही, तो फक्त आपलं पोट भरत होता.

यातून निघणारी गोष्ट कुठल्याही जिल्ह्याच्या यादीला लागू पडते. एखादी परकी जात तीस वर्षं निरुपद्रवी राहिली, तर ती निरुपद्रवी आहे असं ठरत नाही. तिचा जोडीदार अजून आलेला नाही, इतकंच कदाचित खरं असतं.

दुसरं उदाहरण द्राक्षवाल्यांना लगेच कळेल. डाऊनी या द्राक्षाच्या बुरशीजन्य रोगावर आपण मोरचूद-चुन्याचं बोर्डो फवारतो, कारण तांबं बुरशीला सोसत नाही. तांब्याचा हाच गुण जहाजाच्या बुडाला वापरतात. ताम्रयुक्त रंग दिला की शिंपलं-शेवाळ चिकटत नाही. पण वॉटरसिपोरा नावाचा एक शेवाळजीव आहे, शेवाळासारखा दिसणारा पण प्राणीच. पापुद्र्यासारखा, विटकरी-तांबूस रंगाचा. त्याला तांबं बरंच सोसतं. तो रंगावर थेट पसरतो, आणि ज्यांना तांबं सोसत नाही असे जीव त्याच्या पाठीवर बसतात. त्यांचा रंगाशी संबंधच येत नाही. सतरंजी एकाने अंथरली, बसले चौघं, आणि जहाज पुढच्या बंदराला निघालं.

अमेरिका-कॅनडाच्या ईशान्य किनाऱ्यावर केल्प नावाच्या उंच समुद्री शेवाळाची रानं आहेत. १९८७ मध्ये तिथे युरोपातला दुसरा एक पापुद्री शेवाळजीव दिसला. त्याने केल्पच्या पात्यांवर पांढरा जाळीदार थर धरला की पातं ठिसूळ होतं आणि वादळात तुटतं. रानात असे झरोके पडले की तिथे कोडियम हे परकं हिरवं शेवाळ बसतं. एकदा ते बसलं की केल्पच्या रोपट्याला पुन्हा मूळ धरायला जागा मिळत नाही.

आणि कधीकधी तर पूर्ण भावकीच येते. झेब्रा शिंपला काळा समुद्र-कॅस्पियन भागातला, जहाजांच्या तोलाच्या पाण्यातून (जहाज स्थिर राहावं म्हणून पोटात भरून घेतात ते) अमेरिकेच्या महासरोवरांत गेला आणि १९८८ मध्ये सापडला. दोन वर्षांनी त्याच भागातला गोल गोबी मासा तिथे सापडला. गोबीला हा शिंपला फोडून खायची पिढ्यान्पिढ्यांची सवय. नव्या मुलखात पोचला तर ताटात गावाकडचंच वाढलेलं! शिंपल्यांच्या थरात राहणारा तिकडचाच एक झिंग्यासारखा बारीक जीवही आला, त्यालाही घर तयार मिळालं. मूळ गावी ज्यांनी एकमेकांना सांभाळून घेतलं, त्यांनी परमुलखातही तेच केलं.

आता दुसरी बाजू. प्रत्येक परका दुसऱ्या परक्याचा मित्र असतो असं मुळीच नाही. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर १९८८ मध्ये आशियाई किनारखेकडा दिसला. त्याने तिथल्या खडकाळ किनाऱ्यावरून त्याच युरोपीय हिरव्या खेकड्याला बऱ्याच ठिकाणी हुसकावलं. खुद्द सिंबरलॉफ यांनीच २००६ मध्ये कबूल केलं, की दोन जातींमधली मदत दाखवणारी उदाहरणं पुष्कळ आहेत, पण त्यामुळे अख्खी साखळी पेटल्याचे भक्कम पुरावे थोडे आहेत. म्हणून ‘मेल्टडाउन आला’ अशी आरोळी ठोकायची नाही. विचारायचं ते हे, की आपल्या पाण्यात कुठली जोडी जमते आहे?

समुद्राचं गणित नदीला जसंच्या तसं लावता येत नाही. तिथे भरती-ओहोटी आणि क्षार, तर इथे पूर आणि बंधारे. पण यंत्रणा ओळखीची आहे. केंदाळ दक्षिण अमेरिकेतलं, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शोभेचं म्हणून बंगालमध्ये आलं. अनुकूल पाण्यात एक-दोन आठवड्यांत त्याचा पसारा दुप्पट होतो. बी चिखलात वीस वर्षांपर्यंत जिवंत राहू शकतं. दाट थर झाला की ऊन पाण्यात उतरत नाही, आतलं शेवाळ प्राणवायू तयार करू शकत नाही, वाऱ्याने पाणी ढवळलं जात नाही, आणि खाली गळून पडलेलं पान-मूळ कुजताना उरलासुरला प्राणवायूही संपवतं. सर्वांत वाईट वेळ पहाटेची. रोहू-कटला किंवा कुठल्याही कार्प जातीच्या माशाला लिटरमागे चार-पाच मिलिग्रॅम प्राणवायू लागतो. दोनच्या खाली गेला की मासा वर येऊन तोंड उघडतो.

या पहाटेच्या परीक्षेत पास कोण होतं? चिलापी. ती (तिलापिया) मूळची आफ्रिकेची, १९५२ मध्ये भारतात आली आणि एक मिलिग्रॅमच्या आसपासही तग धरते. दुसरा थाई मांगूर, तोही आफ्रिकेचाच. त्याच्या कल्ल्यांच्या वर झाडाच्या फांद्यांसारखा एक अवयव असतो, त्याने तो थेट हवा घेतो. तिसरा सकर. ॲमेझॉनकडचा, काचेच्या टाक्या साफ करायला म्हणून घरोघरी आणला, मोठा झाल्यावर जवळच्या पाण्यात सोडून दिला. तो हवा गिळून जठरातून प्राणवायू शोषतो. अंगावर चिलखत असल्याने त्याला खाणारे थोडे, आणि अंडी घालायला तो काठात बिळं करतो. कृष्णा-भीमा खोऱ्यात हे तिघेही पोचलेले आहेत. आपल्या देशी मरळीलाही हवा घेता येते, हे खरं. पण मळ्या, शिवडा, खवली या देशी माशांना येत नाही. म्हणजे केंदाळाचं झाकण बसलं की पाण्याखाली एक चाळणी लागते आणि त्या चाळणीतून मुख्यतः परकेच पुढे सरकतात. रुमाल इथे टाकलेला आहे.

केंदाळाला तरी जागा कुणी धरून दिली? आपणच. शहराचं सांडपाणी, उसाच्या रानातून निथळणारा युरिया, मळीमिश्रित पाणी हे सगळं नत्र-स्फुरद त्याचं जेवण आहे, आणि बरग्यांमागचं संथ पाणी त्याचं अंथरूण. (उसाला हेक्टरी शंभर टन निघाले की सत्कार होतो. केंदाळ काही न करता हेक्टरी दोनशे ते चारशे टन देतं, त्याचं कुणी कौतुक करत नाही.)

उपाय म्हणून जे होतं त्याची वेळच चुकते. मार्च-एप्रिलमध्ये, पसारा सर्वांत मोठा झाल्यावर, यंत्र लावायचं. दहा हेक्टर थर म्हणजे हेक्टरी तीनशे टन धरले तरी तीन हजार टन, पाच टनाच्या सहाशे ट्रॉल्या. यातला पंचाण्णव टक्क्यांच्या आसपास भाग पाणी असतो, म्हणजे आपण पैसे मोजून मुख्यतः पाणीच वाहून नेतो. तेही बहुधा काठावरच टाकलं जातं, आणि जूनच्या पहिल्या दमदार पावसात ते परत नदीत. बरगे निघाले की वरच्या बंधाऱ्याचं केंदाळ एका लोंढ्याने खालच्या बंधाऱ्याला किंवा एखाद्या जॅकवेलच्या (पाणी उपसायच्या विहिरीच्या) तोंडाला जाऊन बसतं.

काम नोव्हेंबर-डिसेंबरचं आहे, थर चटईएवढा असताना. रिकामे कॅन बांधलेला नायलॉनचा दोर प्रवाहाला तिरका लावायचा, म्हणजे तरंगणारी झाडं एकाच काठाला गोळा होतात. ती फुलोऱ्याच्या आत उचलायची. काठापासून दूर, पूररेषेच्या वर नेऊन चार दिवस उन्हात पसरायची, वजन झपाट्याने उतरतं. खत करायचं तर शेणकाला घालून कुजवता येतं. मात्र शहराच्या नाल्यांखालच्या टप्प्यातलं केंदाळ भाजीपाल्याच्या रानाला घालू नये, कारण ते पाण्यातले जड धातू मुळांत साठवतं. केंदाळ खाणारे भुंगे आपल्याकडे १९८३ पासून सोडले गेले आहेत, पण त्यांना जम बसायला दोन-तीन वर्षं संथ पाणी लागतं. कृष्णेला दरवर्षी पूर येतो आणि तो केंदाळासकट भुंगेही घेऊन जातो. बंद तळ्यांत त्यांचा उपयोग आहे, नदीत त्यांच्या भरवशावर राहू नये.

तणनाशकाची मागणी तर जोडीचा विचार न करण्याचा उत्तम नमुना आहे. फवारा मारला की सगळा थर एकदम मरतो, एकदम बुडतो, एकदम कुजतो. पाण्यातला प्राणवायू त्या आठवड्यात तळ गाठतो, कार्प मासे मरून तरंगतात आणि मांगूर निवांत राहतो. केंदाळ मारायच्या नादात आपण त्याच्या सोबत्याला बढती देतो. शिवाय पाण्यातलं नत्र-स्फुरद तसंच राहिल्याने मोकळी जागा दुसरं एखादं तण घेतं. ताट वाढलेलं असलं की जेवणारा येतोच.

एकट्या जातीवर तुटून पडल्याने काय होतं, हेही कॅलिफोर्नियात मोजलेलं आहे. सीड्रिफ्ट नावाच्या खारट तळ्यात हिरव्या खेकड्यांची मोहीम २००९ मध्ये सुरू झाली. सव्वा लाखाच्या घरातली संख्या २०१३ पर्यंत दहा हजारांच्या खाली आली. २०१४ मध्ये ती तीन लाखांवर गेली. कारण मोठे खेकडे आपलीच पिल्लं खातात. मोठे काढले आणि पिल्लांना मोकळं रान मिळालं. तेव्हापासून तिथे ‘एकही ठेवायचा नाही’ हा हट्ट सोडून, देशी जीव टिकतील इतपत संख्या दाबून ठेवण्याचा विचार पुढे आला.

मग समूळ काढता येतच नाही का? येतं, पण अट कडक आहे. १९९९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या डार्विनला तीन मरिनांमध्ये (नौका ठेवायच्या गोद्यांमध्ये) कॅरिबियन भागातला काळपट शिंपला सापडला, माइटिलॉप्सिस. हाच शिंपला विशाखापट्टणम आणि मुंबईच्या बंदरांत कितीतरी आधी येऊन स्थिरावला आहे. डार्विनमध्ये सहा महिन्यांपूर्वीच्या पाहणीत तो नव्हता. सापडला तेव्हा काही ठिकाणी चौरस मीटरला दहा हजारांहून जास्त होता. त्यांनी मरिना बंद केल्या, पाण्यात क्लोरीन आणि मोरचूद ओतलं, आणि महिन्याभरात विषय संपवला. हे जमलं कारण त्या मरिनांना दरवाजे होते, पाणी कोंडता आलं, आणि शोध लवकर लागला. आत असलेले बाकीचे जीवही मेले, ती किंमत त्यांनी मोजली. नदीत असं काही करता येत नाही, करूही नये. शेततळ्यात मात्र करता येतं, आणि आपल्याकडे शेततळी भरपूर आहेत.

इथून आमचा मुख्य मुद्दा सुरू होतो, तो परके जीव ज्यांनी येतात त्या रस्त्यांचा. जगाने जहाजांच्या तोलाच्या पाण्याचा नियम केला तो जातींची यादी करून नव्हे, तर रस्ता धरून. २००४ मध्ये करार झाला, ८ सप्टेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याचा मापदंड असा : सोडलेल्या एका घनमीटर पाण्यात पन्नास मायक्रॉन किंवा त्याहून मोठे जिवंत जीव दहापेक्षा कमी. कुठला जीव, हा प्रश्नच नाही, कारण कोण कुणाला मदत करेल हे आधी सांगता येत नाही. तासगावची द्राक्षं ज्या बंदरातून युरोपला जातात, तिथे येणाऱ्या बहुतेक परदेशी जहाजांना हा हिशेब ठेवावा लागतो. आणि आपलं पाणी?

टेंभू, ताकारी, म्हैसाळ या योजना कृष्णेचं पाणी उचलून खानापूर, कडेगाव, आटपाडी, कवठेमहांकाळ, जत आणि पुढे सांगोल्यापर्यंत नेतात. या पाण्याच्या विरोधात आम्ही एक अक्षर बोलणार नाही, ते दुष्काळी तालुक्यांचं हक्काचं पाणी आहे. पण पाण्यासोबत नदीतलं सगळंच वर चढतं. पंपगृहाच्या तोंडाची लोखंडी जाळी केंदाळ अडवते, बोटभर पिल्लू अडवत नाही. काही पिल्लं पंपात मरतात, काही नाही. जहाजासारखं हे पाणी गाळून-निर्जंतुक करून सोडा, अशी मागणी कुणी केली तर ती हास्यास्पद ठरेल, इतका मोठा हा प्रवाह आहे.

तरी एक नैसर्गिक गोष्ट आपल्या बाजूची होती. जत-आटपाडीचे पाझर तलाव पूर्वी मे महिन्यात आटायचे, आणि आटलेल्या तलावात चिलापीचं पुढचं वर्ष उगवत नसे. मांगूर ओल्या चिखलात काही काळ काढतो, पण तोही तेव्हा हाताला लागतो. आता या योजनांच्या आवर्तनाने (ठरावीक काळाने सुटणाऱ्या पाण्याने) तलाव बारमाही राहायला लागले. माणसाचं भलं झालं, पण परक्या माशांसमोरचा एक अडसरही निघाला. म्हणून दर तीन-चार वर्षांनी एकेक तलाव पाळीपाळीने मुद्दाम उतरवावा, जाळं फिरवावं, तळाच्या डबक्यांतले मांगूर-सकर वेचून पुरावेत आणि मगच पुढचं आवर्तन घ्यावं. पिण्याच्या पाण्याचे तलाव यातून वगळावेत. कालव्याचंही तेच. दोन आवर्तनांच्या मध्ये कालवा कोरडा पडतो, त्या डबक्यांत काय अडकलं हे बघायला दोन माणसं आणि एक बादली पुरते.

दुसरा रस्ता मत्स्यबीजाचा. बोटुकली, म्हणजे बोटाएवढी माशांची पिल्लं, प्राणवायू भरलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत येते. पिशवी पंधरा-वीस मिनिटं तलावात तरंगवायची, तापमान सारखं झालं की तोंड उघडून पाण्यासकट सोडायची, ही रूढ पद्धत. माशाला ती चांगली, तलावाला नाही. पिशवीतलं पाणी म्हणजे छोटं तोलाचं पाणीच. त्याऐवजी काठावर टब ठेवून त्यात तलावाचं पाणी थोडंथोडं मिसळावं, बोटुकली हातजाळीने उचलून सोडावी आणि टबातलं पाणी रानात ओतावं. एवढ्यानेही सगळं अडत नाही. युरोपात चिनी तळशिंपला पसरला तो आयात कार्प माशांच्या अंगाला चिकटलेल्या आपल्या सूक्ष्म पिल्लांमधून, डोळ्यांना न दिसता. म्हणून बीज कुठल्या केंद्रातलं, कुठल्या पाण्यातलं, याची पावती हवी. थाई मांगूरवर बंदी २००० पासून आहे, पण बंदी जातीवर आहे, पिशवीवर नाही. आणि पुराला पावती लागत नाही. २०१९ आणि २०२१ सारख्या पुरात काठालगतची तळी नदीला मिळतात, तेव्हा पूररेषेच्या आतल्या तळ्यात परका मासा पाळायला परवानगीच असू नये.

रोहू-कटला-मृगळही कृष्णेचे नव्हेत, ते गंगेच्या खोऱ्यातून आणलेले. त्यांना हुसकावा असं आम्ही म्हणत नाही, ती गाडी कधीच निघून गेली. नवी जात सोडायच्या प्रस्तावावर मात्र ‘ती जगेल का, किती वाढेल’ या दोन रकान्यांसोबत ‘ती आधीच्या कुणाला हात देईल’ हा तिसरा रकाना असावा.

मोजणीची सुरुवात बंधाऱ्यापासून करता येईल, कारण तिथे तिन्ही टेबलांचं पाणी एका जागी येतं. बरगे घातल्यापासून काढेपर्यंत महिन्यातून एकदा, पहाटे सूर्य उगवायच्या आत. केंदाळ किती एकरांवर. थराखाली फूटभर आणि मोकळ्या पाण्यात फूटभर असा दोन ठिकाणचा प्राणवायू, त्यासाठी मत्स्यशेतीवाले वापरतात ते साधं डीओ किट चालतं. त्या दिवशी भोई लोकांच्या जाळ्यात काय लागलं, जातवार वजनाने. आणि वहीच्या शेवटी एक रकाना कोरा ठेवावा, या आधी इथे न दिसलेल्या जिवासाठी. तो बहुतेक महिने कोराच राहील.